आधी काळीज, मग मांस

उत्तर अमेरिकेच्या विस्तीर्ण गवताळ मैदानांवर बायसन आडवा पडला, की शिकाऱ्याची सुरी लगेच खांद्याच्या किंवा मांडीच्या मांसाकडे वळत नसे. आधी पोट उघडायचे, काळीज बाहेर काढायचे, पित्ताशयाला चीर देऊन कडू पित्ताचे थेंब त्यावर शिंपडायचे आणि ते तिथेच, ऊन ऊन असताना, कच्चे खायचे. लाकोटा, ब्लॅकफूट, क्रो अशा अनेक आदिवासी समाजांत ही रीत होती. गुर्देही पुष्कळदा असेच संपत. एकोणिसाव्या शतकात या भागातून गेलेल्या गोऱ्या प्रवाशांनी हे पाहून नाके मुरडली. पण फर मिळवण्यासाठी त्याच मैदानांवर वर्षानुवर्षे राहिलेले फ्रेंच आणि अमेरिकन शिकारी स्वतःही हेच काळीज मिटक्या मारत खाऊ लागले. पोषणाची आजची कोष्टके समोर ठेवून त्या पहिल्या घासाकडे पाहिले, की थक्क व्हायला होते. कुठला अवयव आधी खायचा, कुठला सुकवायचा, कुठला म्हाताऱ्यांसाठी राखायचा याची जी जाण या लोकांकडे होती, तिच्यापर्यंत पोहोचायला प्रयोगशाळांना विसावे शतक उजाडावे लागले.

हा प्राणी आपल्या दाजीपूर-राधानगरीच्या जंगलातला गवा नव्हे. इंग्रजीत गव्यालाही ‘इंडियन बायसन’ म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. पण गवा हा दाट जंगलात राहणारा, कायद्याने पूर्ण संरक्षित असलेला वेगळा प्राणी. अमेरिकन बायसन उघड्या मैदानाचा. प्रचंड डोके, खांद्यावर उंचवटा, पुढच्या अंगावर दाट लोकर. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ९०० किलोच्या घरात जाते, मादीचे त्याच्या निम्म्याच्या आसपास. गोरे लोक येण्यापूर्वी त्यांची संख्या ३ ते ६ कोटी असावी असे अंदाज आहेत. तंबूचे कातडे, पांघरूण, दोर, चमचे, शेणाचे सरपण, सगळे या एका जनावरातून मिळे. शेळीएवढ्या जनावराची वाटणी करणे वेगळे; इथे एका शिकारीत शेकडो किलो मांस आणि त्याच्या जोडीला काळीज, दिल, जीभ, भेजा, ओझरी, आतडी आणि मज्जेने भरलेल्या नळ्या एकदम हाती येत. उन्हात काय आधी खराब होते आणि काय टिकते, हे ठाऊक असल्याशिवाय त्यातला निम्मा ऐवज वाया गेला असता.

मांसाला तोटा नव्हता. अडचण चरबीची होती. बायसनच्या निव्वळ लाल मांसात १०० ग्रॅममागे जेमतेम २ ग्रॅम चरबी असते. शहरातल्या आजच्या ग्राहकाला हे ऐकून आनंद होतो, पण मैदानावर हिवाळा काढणाऱ्या माणसाला तेच मांस एकटे मारून टाकू शकते. माणसाच्या यकृताला प्रथिनांतला नायट्रोजन युरियात बदलून बाहेर टाकावा लागतो आणि त्या कामाला मर्यादा आहे. दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त वाटा प्रथिनांतून येऊ लागला, की मळमळ, जुलाब, अशक्तपणा सुरू होतो. पोट भरलेले असते आणि माणूस खंगत जातो. उत्तरेकडे नुसत्या सशांच्या मांसावर दिवस काढणाऱ्यांचे असे हाल झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून मैदानावरचा शिकारी जनावराकडे पाहताना आधी चरबी कुठे आहे ते बघे.

न्यू मेक्सिकोत गार्न्सी नावाच्या ठिकाणी पंधराव्या शतकातली एक शिकारीची जागा आहे. जॉन स्पेथ या पुरातत्त्वज्ञाने तिथल्या हाडांचा बारकाईने अभ्यास केला. शिकार वसंतात झाली होती. त्या दिवसांत माद्या गाभण किंवा दुभत्या असतात, हिवाळ्याने आधीच रोडावलेल्या असतात, त्यांच्या अंगावर चरबी उरलेली नसते. हाडांवरून दिसले ते असे, की शिकाऱ्यांनी नरांचे चांगले भाग उचलून नेले होते आणि माद्यांचे तेच भाग मोठ्या प्रमाणात जागेवरच सोडून दिले होते. भुकेचा हंगाम, समोर मांसाचा ढीग, आणि तरीही त्यातले काय सोडायचे याचा निर्णय. शरदात हेच गणित उलटे होई. तेव्हा धष्टपुष्ट मादी सर्वांत मोलाची.

जनावर कितीही वाळले तरी काही ठिकाणची चरबी शेवटपर्यंत टिकते: पायांच्या नळ्यांतली मज्जा, भेजा आणि जीभ. गाईच्या जिभेत १०० ग्रॅममागे सुमारे १६ ग्रॅम चरबी असते आणि बायसनची जीभही तशीच स्निग्ध असते. जिभेला मैदानावर एवढा मान का होता, याचे एक उत्तर इथे आहे.

आता काळजाकडे वळू. बायसन हिरवे गवत खातो, गवतातल्या कॅरोटीनपासून त्याच्या शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते आणि ते काळजात साठत जाते. बायसनचा जवळचा भाऊबंद असलेल्या गाईच्या काळजाचे आकडे चांगले तपासलेले आहेत. १०० ग्रॅम कच्च्या काळजात सुमारे २० ग्रॅम प्रथिने, जवळपास ५,००० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व, ५९ मायक्रोग्रॅम बी-१२, २९० मायक्रोग्रॅम फोलेट आणि शरीरात सहज शोषले जाणारे ५ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. प्रौढ माणसाची बी-१२ची रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एवढ्याशा तुकड्यात तिच्या वीसपटींहून अधिक. तांब्याचाही भरपूर साठा. शिवाय ताज्या काळजात ग्लायकोजेन असते, म्हणून ते किंचित गोडसर लागते. गवत आणि मांस यांच्या त्या जगात पिष्टमय पदार्थाचा हा एक लहानसा ठेवा होता.

हे काळीज वैद्यकशास्त्राच्या इतिहासातही मोठे आहे. पर्निशस अॅनिमिया या जीवघेण्या रक्तक्षयावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इलाज नव्हता. जॉर्ज व्हिपल यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून काळजाचा गुण दाखवला आणि १९२६मध्ये बोस्टनच्या जॉर्ज मायनॉट व विल्यम मर्फी यांनी रुग्णांना रोज सुमारे पाव किलो काळीज खाऊ घालून त्यांना मरणाच्या दारातून परत आणले. १९३४चे नोबेल या तिघांना मिळाले. त्या काळजातला कार्यकारी पदार्थ, म्हणजे बी-१२, वेगळा काढायला १९४८ उजाडले.

या कथेचा एक धागा थेट मुंबईत येतो. १९२८मध्ये ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली आणि गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायांना होणाऱ्या रक्तक्षयाचा शोध घेऊ लागली. भात, थोडी डाळ, भाजीचा मागमूस नाही, अशा जेवणावर या बाया बाळंतपणाला सामोऱ्या जात आणि कित्येक जणी त्यातून उठत नसत. काळजाचा साधा, फारसा शुद्ध न केलेला अर्क दिला की त्या बऱ्या होत; यीस्टपासून केलेल्या मार्माइटनेही होत. पण पर्निशस अॅनिमियावर रामबाण ठरलेला शुद्ध अर्क त्यांना लागू पडेना. म्हणजे काळजात बी-१२शिवाय आणखी काहीतरी होते, जे शुद्धीकरणात निसटत होते. तो पदार्थ म्हणजे फोलेट. आज गरोदर स्त्रियांना फॉलिक अॅसिडची गोळी दिली जाते, तिची मुळे या मुंबईतल्या कामात आहेत. ज्या अवयवाला मैदानावरचा शिकारी पहिला मान देत होता, त्यात दोन वेगवेगळ्या रक्तक्षयांचे औषध एकत्र नांदत होते.

क जीवनसत्त्वाचे काय? मांसावर जगणाऱ्यांना स्कर्व्ही का होत नाही, हा प्रश्न फार जणांना पडला आहे. मैदानावरचे लोक चोकचेरीसारखी रानफळे आणि कंद खात होते, हे एक. दुसरे असे, की ताज्या, कच्च्या अवयवांत हे जीवनसत्त्व थोडेफार असते आणि शिजवताना ते कमी होते. गुर्द्याजवळ बसलेली अॅड्रिनल ग्रंथी तर शरीरातल्या क जीवनसत्त्वाच्या सर्वांत दाट साठ्यांपैकी एक. अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८मध्ये केंब्रिजला हा पदार्थ प्रथम शुद्ध स्वरूपात मिळवला, तो बैलांच्या याच ग्रंथींमधून. पुढे अधिक ग्रंथी हव्यात म्हणून ते मिनेसोटात गेले, कारण तिथल्या कत्तलखान्यांत त्या हव्या तेवढ्या मिळत. मिनेसोटा, म्हणजे बायसनच्या मैदानांची पूर्वेची सीमा.

आता चुलीकडे. धातूची भांडी येण्यापूर्वी या लोकांचे पातेले म्हणजे बायसनची ओझरी. चार काठ्या रोवायच्या, धुतलेली ओझरी त्यांवर झोळीसारखी ताणून बांधायची, तिच्यात पाणी आणि मांसाचे, काळजाचे, आतड्यांचे तुकडे टाकायचे. शेजारच्या जाळात दगड लाल होईपर्यंत तापवायचे आणि लाकडी चिमट्याने एकेक उचलून पाण्यात सोडायचे. दगड पडला की पाणी खदखदते, थंड झाला की काढून दुसरा टाकायचा. वालुकाश्म चालत नाही. तो फुटतो आणि रश्शात कचकच येते. क्वार्ट्झाइटसारखा कठीण दगड निवडून, प्रसंगी लांबून वाहून आणावा लागे. रस्सा झाल्यावर पातेलेही कापून खाल्ले जाई. असिनिबोइन या जमातीचे नावच शेजाऱ्यांनी या दगडांच्या स्वयंपाकावरून ठेवलेले आहे.

मोठ्या प्रमाणावर शिजवायचे तर जमिनीत खड्डा खणून त्याला ओल्या कातड्याचे अस्तर लावत. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात ‘हेड-स्मॅश्ड-इन’ नावाचा कडा आहे. जवळजवळ सहा हजार वर्षे लोक बायसनचे कळप हाकत आणून या कड्यावरून खाली पाडत होते. १९८१पासून ती जागा युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. कड्याखालच्या सपाटीवर उष्णतेने तडकलेल्या दगडांचा खच आणि चुरा केलेली हाडे सापडतात. नळ्या फोडून मज्जा काढून घेतली तरी हाडांच्या टोकांच्या जाळीत चरबी उरते. ती हाडे ठेचून तासन्‌तास उकळायची, वर थंड पाणी किंवा बर्फ टाकायचा, म्हणजे चरबी गोठून तवंगासारखी वर येते, ती काढून घ्यायची. ही हाडांची चरबी, कुटलेले सुके मांस आणि कधी रानफळे यांचे मिश्रण म्हणजे पेमिकन. कातडी पिशवीत ते वर्षानुवर्षे टिके. या कष्टाचा बहुतेक भार बायकांवर होता.

आतड्यांचा एक पदार्थ मात्र सविस्तर सांगायलाच हवा. ब्लॅकफूट लोक त्याला सापोत्सिस म्हणतात. बायसनच्या आतड्याच्या बाहेरच्या अंगाला पांढरी चरबी लगडलेली असते. ती खरवडून टाकायची नाही. मऊ मांसाची लांब पट्टी आतड्याच्या एका टोकाला धरायची आणि ती आत सरकवत सरकवत आतडे मोज्यासारखे उलटे करत जायचे. त्यामुळे बाहेरची चरबी आत जाते, मांसाला बिलगते आणि आतली बाजू धुवायला बाहेर येते. दोन्ही टोके बांधून निखाऱ्यावर भाजायचे, मग उकळायचे. चरबी आतल्या आत वितळून मांसात मुरते. एक थेंब जाळात पडत नाही. रुक्ष मांस आणि चरबी यांची सांगड घालण्याची याहून नेटकी युक्ती मला कुठल्याच पाककलेत दिसलेली नाही.

हाच पदार्थ थोड्या फरकाने ९ मे १८०५ रोजी मेरिवेदर लुईसच्या रोजनिशीत येतो. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेली लुईस आणि क्लार्क यांची मोहीम मिझुरी नदीतून आजच्या मोंटानात पोहोचली होती. मोहिमेसोबत असलेली आदिवासी स्त्री सॅकाजविआ, तिचा नवरा तुसाँ शार्बोनो त्या दिवशी स्वयंपाकी झाला. त्याने बायसनच्या मोठ्या आतड्याचा सुमारे सहा फुटांचा तुकडा घेतला, एका हाताने धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी आतला ऐवज पिळून काढला, खांद्याच्या फऱ्याखालचे मांस बारीक करून गुर्द्याभोवतीच्या चरबीत मळले, मीठ, मिरपूड आणि थोडे पीठ घातले आणि आतडे उलटवत भरले. मिझुरीच्या पाण्यात दोनदा बुचकळले, एक झटका दिला, झाले धुणे. मग उकळून अस्वलाच्या तेलात खरपूस तळले. लुईस हा शिस्तीचा लष्करी माणूस. पण या पदार्थाचे वर्णन त्याने ज्या चवीने आणि ज्या विस्ताराने केले आहे, ते वाचताना त्या दिवशी तो किती तृप्त झाला असेल ते कळते. पुढे २०१६मध्ये बायसनला अमेरिकेचा राष्ट्रीय सस्तन प्राणी ठरवणाऱ्या कायद्यावर सही झाली, तीही ९ मे रोजीच.

जिभेची गोष्ट आनंदाची सुरू होते आणि दुःखाची होते. ब्लॅकफूटांच्या ओकान या मोठ्या उन्हाळी विधीत जिभांना पवित्र स्थान आहे. व्रतस्थ स्त्रीच्या नेतृत्वाखाली त्या सोलून, कापून, उकळून, सुकवून ठेवल्या जात आणि विधीत वाटल्या जात. त्याच जिभेला पूर्वेकडच्या शहरांत मागणी आली आणि व्यापाऱ्यांनी तिची किंमत बांधली. चित्रकार जॉर्ज कॅटलिन १८३२मध्ये मिझुरीकाठच्या फोर्ट पियरला पोहोचला, तेव्हा काही दिवसांपूर्वीची हकिकत त्याला कळली. सू जमातीच्या पाच-सहाशे घोडेस्वारांनी कळपावर चाल करून १,४०० जिभा किल्ल्यात आणल्या आणि त्या बदल्यात काही गॅलन व्हिस्की घेतली. बाकी जनावर, काळजासकट, मैदानावर पडून राहिले. पुढे रेल्वे आली, कातड्याचा व्यापार आला. १८८९च्या अहवालात प्राणिशास्त्रज्ञ विल्यम हॉर्नडे यांनी उरलेल्या बायसनची मोजदाद मांडली: १,०९१.

प्राणी गेला, त्याबरोबर अन्न गेले. आदिवासींना राखीव प्रदेशांत कोंडून सरकारी शिधा सुरू झाला. शिध्यातला बैल कापला जाई तेव्हा बायका आतडी, ओझरी, रक्त गोळा करायला येत. त्यांना कशाचे मोल आहे ते ठाऊक होते. १८९०मध्ये आदिवासींचा कारभार पाहणारे अमेरिकी सरकारचे ‘इंडियन कमिशनर’ थॉमस मॉर्गन यांनी राखीव प्रदेशांतल्या सरकारी एजंटांना सूचना काढल्या, त्यांत बायकामुलांना कत्तलीच्या जागी येण्यास मज्जाव होता आणि रक्त व आतडी खाण्यावर सक्त बंदी होती. सभ्यता शिकवण्याच्या नावाखाली माणसांच्या तोंडातले जीवनसत्त्व काढून घेणारा हा आदेश वाचताना संताप येतो.

त्याची किंमत शरीरांवर नोंदली गेली. मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १८९०च्या दशकात हजारो आदिवासींची मोजमापे गोळा करवली होती. रिचर्ड स्टेकेल आणि जोसेफ प्रिन्स यांनी २००१मध्ये ती तपासली, तेव्हा दिसले की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाढलेले मैदानी जमातींचे पुरुष सरासरी १७२ ते १७३ सेंटिमीटर उंच होते. त्या काळात मोजल्या गेलेल्या जगातल्या सर्वांत उंच लोकांत त्यांची गणना होते. नंतरच्या अभ्यासांत बायसनवर अवलंबून असलेल्या जमातींची ही आघाडी बायसन संपल्यानंतर जन्मलेल्या पिढ्यांत पुसली गेल्याचे आढळले.

आज अमेरिका आणि कॅनडात खासगी कुरणांवर पुन्हा लाखांच्या घरात बायसन आहेत, आणि काळीज, दिल, जीभ गोठवून विकली जाते. बोकडाची कलेजी, गुर्दा, वजडी शिजवणाऱ्या हाताला त्यात नवे फारसे काही नाही. फक्त आकार मोठा आणि चरबी कमी, म्हणून आच सांभाळावी लागते. काळजाचा पापुद्रा ओढून काढायचा, बोटाच्या जाडीपेक्षा पातळ काप करायचे, अर्धा तास दुधात किंवा मिठाच्या गार पाण्यात ठेवायचे, कोरडे पुसायचे. जड तवा चांगला तापवून चरबीत कांदा परतून बाजूला काढायचा आणि काप दोन्ही बाजूंनी जेमतेम एक-दोन मिनिटे भाजायचे. आतले तापमान ७१ अंश सेल्सिअसला पोहोचले की लगेच उतरवायचे. त्यापुढे गेले की काळीज भुसभुशीत होते आणि तोंडात पिठूळ लागते. मीठ शेवटी.

दिल हा जन्मभर न थांबलेला स्नायू. वरची कडक चरबी, नळ्या आणि आतले तंतू काढून टाकले, की उरते ते निव्वळ गडद लाल मांस. पातळ पट्ट्या करून मोठ्या आचेवर झटपट, नाहीतर रश्शात मंद आचेवर दोन-तीन तास. मधले काही केले तर रबर होते. जीभ कांदा आणि तमालपत्र घातलेल्या पाण्यात तीन-चार तास शिजवावी आणि गरम असतानाच सोलावी. निवली की साल मांसाला चिकटून बसते. गुर्द्यातला पांढरा गाभा कात्रीने काढून टाकल्याशिवाय वास जात नाही.

कच्चे काळीज खाण्याची हौस मात्र आज करू नये. यलोस्टोनच्या कळपांत ब्रुसेलोसिसचा संसर्ग आहे, आणि यकृतात परजीवीही असू शकतात. नीट शिजवल्याने हे धोके टळतात. अ जीवनसत्त्वाची सुरक्षित मर्यादा प्रौढांसाठी दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम आहे, म्हणून काळीज रोजचे अन्न नाही, आठवड्यातून एखादे वेळचे आहे. गरोदर स्त्रियांनी ते टाळावे. संधिवाताचा गाउट हा प्रकार असलेल्यांनी सगळ्याच अवयवांपासून जपून राहावे, कारण त्यांतल्या प्युरिनमुळे युरिक अॅसिड वाढते.

१९९२पासून इंटरट्रायबल बफेलो कौन्सिल या संघटनेत जमाती एकत्र येऊन आपल्या जमिनीवर कळप परत आणत आहेत. आता या सदस्य जमातींची संख्या ८०च्या वर गेली आहे. ओग्लाला लाकोटा शेफ शॉन शर्मन यांनी २०२१मध्ये मिनियापोलिसला ओवाम्नी हे रेस्टॉरंट सुरू केले. गव्हाचे पीठ, दूध, ऊस, गाय, डुक्कर, कोंबडी यांतले काहीच तिथे शिजत नव्हते. बायसन शिजत होता. २०२२मध्ये त्याला देशातले सर्वोत्तम नवे रेस्टॉरंट म्हणून जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. पण कळप कापला जातो त्या दिवशी लाकोटा घरांत ज्याची वाट पाहिली जाते तो पदार्थ रेस्टॉरंटचा नाही. तो म्हणजे तानिगा, ओझरीचा रस्सा. ओझरी गार पाण्यात पुन्हा पुन्हा घासून धुतात, एकदा उकळून ते पाणी ओतून देतात, मग चौकोनी तुकडे करून नव्या पाण्यात मंद आचेवर ठेवतात. सोबत तिंप्सिला, म्हणजे जूनमध्ये खणून, सोलून, वेण्या घालून सुकवलेले मैदानी कंद. ते दगडासारखे कडक असतात, म्हणून आदल्या रात्री भिजवावे लागतात. वाळवलेला मका असेल तर तोही त्यांच्याबरोबरच पडतो. मीठ सोडून दुसरा मसाला लागत नाही, आणि ओझरी दाताखाली सहज तुटेपर्यंत, म्हणजे चार-पाच तास तरी, भांडे चुलीवरून उतरवायचे नाही.